फलाटावरच्या चादरी

माणूस वाईट वागला तर चार शब्द सुनावता येतात. चांगलाच वागायला लागला तर काय करायचं? आमचे धाकटे भाऊजी गेले आठ-दहा दिवस माझ्याशी इतकं गोड वागत होते की मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. सकाळी दारातून, "वहिनी, बऱ्या आहात ना?" संध्याकाळी खिडकीतून, "वहिनी, दमलात का?" अहो, मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हा माणूस दप्तर फेकून माझ्या मागे भट्टीभर फिरायचा. तेव्हापासून आजवर दमलात का म्हणून एकदा विचारलं नाही. आणि मी दमलेली दिसावी अशी संधी मीही कुणाला दिलेली नाही.

नुसतं गोड बोलले असते तरी सोडून दिलं असतं. नगरसेवक माणूस. निवडणुकीचा वारा सुटला की त्यांची जीभ आपोआप पाकात पडते. पण ते घडीला उभे राहीनासे झाले, आणि इथे माझं घोडं अडलं.

घडीचं सांगते. आमची लाँड्री आहे. पाटीवर नाव काहीही असो, लोक तिला भट्टीच म्हणतात. दवाखान्याच्या चादरी, हॉटेलांच्या चादरी, नगरपालिकेच्या सभागृहातली टेबलावरची कापडं, सगळं आमच्याकडे येतं. मोठ्या पलंगाची चादर एकट्याने घडी होत नाही. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, एकदा झटकायची, आणि मग चालत एकमेकांकडे यायचं. आपली टोकं समोरच्याच्या हातात द्यायची, खाली लोंबणारी कड उचलायची, परत मागे जायचं, परत यायचं. सासूबाईंचा नियम होता, घरातलं जे काही अवघड बोलायचं ते घडीवर बोलायचं, आणि घडीवर खोटं बोलायचं नाही. हात गुंतलेले असतात म्हणून कुणी कुणाच्या अंगावर जात नाही, आणि दर खेपेला जवळ यावंच लागतं म्हणून तोंड फिरवता येत नाही. माझ्या नवऱ्याने स्वतःचं दुखणं मला घडीवर सांगितलं. दवाखान्याचीच चादर होती. नीट चौकोनी घडी पडली, रचून ठेवली, मग मी भट्टीच्या वाफेत जाऊन रडले. वाफेत रडण्याची एक सोय आहे, कुणाला कळत नाही.

भाऊजी नगरसेवक झाले तरी संध्याकाळी येऊन चार-सहा चादरींना हात लावायचे. सभेत कोण कुणाला काय बोललं ते मला तिथेच कळायचं. आणि आता बघावं तर कधी फोन येतोय, कधी पाठ धरली आहे, कधी "वहिनी, आत्ताच हात धुतले." चादरीला धुतलेलेच हात लागतात, एवढंही या माणसाला सुचलं नाही.

त्यात दुसरी गोष्ट फलाटाची.

आमच्या भट्टीच्या मागे रेल्वेचा फलाट आहे. रेल्वे नाही. ऐकणाऱ्याला वाटेल म्हातारी भ्रमली, पण खरंच तसं आहे. फार वर्षांपूर्वी सरकारने शहरापासून आमच्या उपनगरापर्यंत गाडी आणायची म्हणून थोडा निधी पाठवला. वर्ष संपायच्या आत खर्च झाला नाही की निधी परत जातो. रूळ कुठून न्यायचे यावर तर नगरपालिकेत हाणामारी चाललेली. मग भाऊजींनी डोकं लढवलं. रूळ राहू देत, फलाट बांधून ठेवू, पैसा तर हातचा जायला नको. बाजारात तुरी आणि इकडे हाणामारी, त्यातली गत. लांबलचक फलाट झाला. वर पत्र्याची छान उतरती छपरं, बाकं, कठडे, कडेला पांढरी रेघ. घड्याळासाठी भिंतीत गोल भोक ठेवलं, त्यात पारवे राहतात. आणि रूळ जिथे असायचे तिथे कमरेएवढं गवत.

सकाळी आमच्या भट्टीची वाफ धुक्यात मिसळून त्या फलाटावर जाते. तेव्हा जमीन दिसत नाही. फलाटच हळूहळू कुठेतरी निघाल्यासारखा वाटतो, आणि आपण बाकावर बसलेलो असलो तर आपणही निघतो. गवत वाऱ्याने एका बाजूला झुकतं आणि लांबवर जातच राहतं. संध्याकाळी लोक फिरायला म्हणून तिथे येतात, पण फिरायला जातो असं कुणी म्हणत नाही. "स्टेशनवर चाललो" म्हणतात. कडेला उभे राहून शहराच्या दिशेने बघतात. निवृत्त झालेल्या शाळेच्या बाई तर हातात पिशवी घेऊन, केस नीट विंचरून येतात आणि दिवे लागेपर्यंत बसतात. न्हावी सुट्टीच्या दिवशी खुर्ची तिकडेच आणतो. पोरं खेळतात, पण रेघेच्या पुढे कुणी जात नाही. गेलंच तर एखादं मोठं माणूस ओरडतं, "मागे हो!" कशाला मागे, ते कुणी विचारत नाही. मीही ओरडलेली आहे.

त्या फलाटाच्या कठड्यांवर मी चादरी वाळत घालते. एवढा वारा गावात दुसरीकडे नाही. दोन्ही बाजूंनी पांढऱ्याशुभ्र चादरी फडफडायला लागल्या की लांबून बघणाऱ्याला काहीतरी सुसाट चाललंय असं वाटतं. भाऊजींचं त्यावरून माझ्याशी वर्षानुवर्षं भांडण. "वहिनी, उद्या वरून साहेब लोक बघायला आले तर काय म्हणतील?" मी म्हणायची, "म्हणतील, चला, कुणीतरी वापरतंय." ते कठड्यावरून चादरी काढून आणून माझ्या दारात टाकायचे, मी परत घालायची. असे आमचे दिवस मजेत चालले होते. आणि परवा मी टोपली घेऊन निघाले तर स्वतः दार धरून म्हणाले, "घाला वहिनी, खुशाल घाला. फलाट काय, तुमचाच आहे."

तेव्हा मी ओळखलं. हा माणूस ताकाला आलाय आणि भांडं लपवतोय.

मला एवढी तळमळ कशाची, तर सूनबाईची. माझी सून शहरात चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात आहे. हात असा की काच तिच्या बोटांवर पाण्यासारखी बसते. जायला दोन बस, यायला दोन बस. ती घरी पोचते तेव्हा नात इस्त्रीच्या गरम चादरींच्या ढिगावर झोपलेली असते, आणि ती निघते तेव्हाही झोपलेलीच असते. "आई मला स्वप्नात दिसते," असं पोरगी एकदा शेजारणीला म्हणाली. खोटं नव्हतं ते. कारखान्याजवळ शहरात एक खोली मिळत होती. माझ्या लेकालाही तिकडे गाडीवर काम मिळालं असतं, तो आमचीच डिलिव्हरीची गाडी चालवतो. पण दोघं थांबली होती, कारण नगरपालिकेची मोठी सभा तोंडावर आली होती. सून म्हणायची, "आई, गाडी इथे थांबणार असेल तर आम्ही कशाला जाऊ?" आणि मी म्हणायची, "तुझे काकाच आणताहेत गाडी, थांबेल नाही तर काय?" घरमालक मात्र घाईला आला होता. हो की नाही ते सभेच्या आदल्या संध्याकाळी कळवा, नाहीतर दुसऱ्याला देतो म्हणाला.

सभेत काय होतं, तर गाडीच्या खर्चातल्या वाट्याचा ठराव. सरकार म्हणतं मोठा वाटा आमचा. रेल्वे म्हणते रूळ नि डबे आमचे. उरलेला वाटा नगरपालिकेने उचलायचा, आणि तो उचलतो असं सभेत हात वर करून सांगायचं. नाही सांगितलं तर सगळा निधी उठून दुसऱ्या गावाला. आता आमच्या गावाच्या मधून कालवा जातो. कालव्याच्या अलीकडचे नगरसेवक गाडीच्या बाजूचे. पलीकडचे म्हणत, आमच्या कराचा पैसा तुमच्या स्टेशनात का घालायचा? त्यांचे पुढारी एक वकीलसाहेब, बोलायला लागले की समोरच्याला आपलंच घर आपण चोरलंय असं वाटावं. भाऊजी वर्षानुवर्षं त्यांच्या दाराशी खेटे घालत होते. भाऊजींना गाडीशिवाय दुसरं काही नव्हतंच. लग्न केलं नाही, जमीनजुमला केला नाही. झोपेत कुशीवर वळले तरी खिडकीच्या बाजूला वळायचे, गाडीत बसल्यासारखे.

तर त्या दिवशी दुपार कलताना दवाखान्याचा मोठा ढीग इस्त्री होऊन पडला होता. उन्हाची तिरीप वाफेत शिरली होती आणि सगळी भट्टी दुधासारखी झाली होती. भाऊजी मागच्या दाराने फलाटाकडे सटकत होते. मी बोळात चादर घेऊन उभी राहिले आणि दोन टोकं त्यांच्या छातीवर फेकली.

"धरा."

लहानपणापासूनची सवय. माणूस नको म्हणायच्या आत हातांनी धरली.

"वहिनी, मला जरा..."

"ताणा. तुमची बाजू ढिली पडली आहे."

ताणली, झटकली. आम्ही एकमेकांकडे चालत आलो.

"गाडी येणार का?" मी विचारलं.

"येणार." टोकं माझ्या हातात आली. नीट जुळली. खरं बोलले.

मागे गेलो, परत आलो. "ठराव होणार?"

"होणार. पलीकडचे हात वर करणार. वकीलसाहेबांनी शब्द दिलाय."

"वा! आणि ते शब्द फुकट वाटायला लागले कधीपासून?"

यावर ते पुढे येईनात. दोघांच्या मधे चादर झोळीसारखी लोंबत राहिली. वाफेत त्यांचा चेहरा लांब गेल्यासारखा झाला, पार शाळेच्या वयापर्यंत.

"वहिनी, सोडा ना."

"सोडली तर जमिनीला लागेल, परत धुवावी लागेल. या पुढे."

आले. पाय ओढत आले. माझ्या हातात टोकं देताना माझ्याकडे बघायची वेळ आलीच.

"स्टेशन पलीकडे होणार," ते म्हणाले. "जुन्या गोदामांपाशी. इथून गाडी जाणार, पण थांबणार नाही."

मी चादर ढिगावर ठेवली. दुसरी उचलली. हातांना काहीतरी हवं होतं.

"बोला."

"एकाच थांब्याला पैसा आहे, वहिनी. थांबा इथे मागितला तर पलीकडचे हात वर होत नाहीत. हात नाहीत तर वाटा नाही, वाटा नाही तर गाडीच नाही. मग मी म्हटलं, निदान गाडी तरी येऊ दे. दिसेल तरी."

"दिसेल!" मी म्हटलं. "आणि बसायचं कुठून? गोदामांपाशी जायला कालव्यावरचा पूल पार गिरणीपाशी. वळसा घालून तिथवर जाईपर्यंत माणूस बसने अर्ध्या शहरात पोचतं."

"पुढे पूल मागणार आहे मी. पायी चालायचा."

"मागाल हो. आणि वर्ष संपायच्या आत बांधून टाकाल, जिथे कालवा नाही तिथे."

हे लागलं त्यांना. लागावं म्हणूनच म्हटलं होतं. त्यांनी ती चादर माझ्याबरोबर घडी केली, आणि मग हात जोडावेत तशी टोकं दोन्ही हातांत धरून म्हणाले, "उद्याची सभा होईपर्यंत कुणाला सांगू नका. लोक सभागृहात आरडाओरडा करतील, वकीलसाहेबांना निमित्तच हवंय, ते शब्द फिरवतील. मग ना स्टेशन, ना गाडी. एक रात्र, वहिनी. फक्त एक रात्र."

खोटं कशाला बोलू, एका श्वासापुरता मला नुसता वारा दिसला. फलाट कायमचा माझा. कुणी साहेब येणार नाही, कुणी चादरी काढणार नाही, मी मरेपर्यंत पांढरंशुभ्र कापड त्या कठड्यांवरून वाहत राहील. आणि सून-लेक-नात माझ्यापाशीच. कारण सूनबाई घरमालकाला 'नको' म्हणून कळवणार होती, आज, माझ्या भरवशावर. मी गप्प बसले की झालं. माझं मी काहीच करायचं नव्हतं.

"भाऊजी," मी म्हटलं, "सूनबाईने खोलीचं आज कळवायचं आहे. गाडी थांबणार म्हणून ती 'नको' सांगणार आहे."

त्यांना हे माहीत नव्हतं. सगळ्या वॉर्डाचं कुठलं गटार तुंबलंय ते माहीत, घरातलं माहीत नाही.

"मग तुम्ही सांगा तिला, खोली घे म्हणून. कारण सांगू नका."

"मी नाही सांगणार. मी स्टेशन दिलेलं नाही. ती आली की चादर धरा तिच्यासमोर."

तेवढं बोलून मी टोपली उचलली आणि वाळलेल्या चादरी काढायला फलाटावर गेले. बाकावर टेकले, आणि उन्हात डोळा लागला असावा, कारण गाडी आली.

आवाज नव्हता तिला. गवत न हलवता आली. डबे पांढरे, इस्त्री केलेले, कडा करकरीत. आम्ही सगळे रेघेमागे उभे. बाईंनी पिशवी उचलली, न्हाव्याने खुर्ची उचलली, माझी नात तिच्या आईच्या कडेवर. गाडीच्या खिडक्यांतून आमचीच गेलेली माणसं दिसत होती, सासूबाई होत्या, माझा नवरा होता, दोघं समोरासमोर बसून काहीतरी घडी करत होते, फार मोठं, खिडकी संपली तरी संपत नव्हतं. मी म्हटलं, आता थांबेल. त्यांनी मान वर केली, ओळखीचं हसले, आणि गाडी गेली. हळू झालीच नाही. शेवटचा डबा गेला तेव्हा फलाटावर चुन्याचा वास होता, नवीन रंगवल्यासारखा.

"आली का?" कुणीतरी माझा खांदा हलवत होतं. शाळेच्या बाई.

"कोण?"

"सूनबाई हो तुमची, आज लवकर सुटली वाटतं. ती बघा बस वळली."

बाई माझ्याशेजारी बसल्या. पिशवी मांडीवर. मला त्यांच्याकडे बघवेना, मी चादरी ओढायला लागले.

भट्टीत आले तेव्हा सूनबाईच्या हातात दोन टोकं होती आणि भाऊजींच्या हातात दोन. तिने अजून चपला काढल्या नव्हत्या. नात ढिगावर झोपलेली. मी दारातच थांबले. भाऊजींनी सांगितलं, आडपडदा न ठेवता सांगितलं, ते मी ऐकलं. मधे त्यांचे पाय एकदाही थांबले नाहीत. सूनबाई शेवटपर्यंत घडी घालत होती. तिची घडी सुंदर पडते, काचेची सवय.

"मग मी आज हो कळवते, काका," ती म्हणाली.

"कळव."

"तुम्ही मला आठ दिवस आधी सांगितलं असतं तर दक्षिणेकडची खोली मिळाली असती. तिला ऊन होतं." एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं. पुढची चादर उचलून ती म्हणाली, "आणि बाहेर बसल्यात त्या बाईंना कोण सांगणार?"

"उद्या सभेनंतर."

"म्हणजे त्या सभागृहात बसलेल्या असणार, तुमच्या नावाने टाळ्या वाजणार, त्याही वाजवणार, आणि मग त्यांना कळणार?"

"आत्ता सांगितलं तर गाडी पडेल गं!"

"पडेल," ती म्हणाली. "कदाचित. पण इतकी वर्षं रेघेच्या मागे उभं राहायला सांगितलंत, ते ऐकलंच ना लोकांनी? हेही ऐकतील." आणि टोकं त्यांच्या हातात दिली.

भाऊजी त्या चादरीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "वहिनी?"

मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? दार तिकडे आहे."

ते तशीच घडी छातीशी धरून बाहेर गेले. आम्ही दोघी मागून. संध्याकाळचं पिवळं ऊन गवतावर आडवं पडलं होतं, सगळे आपापल्या जागी होते, आणि ते मधोमध उभे राहून बोलायला लागले. भाषणाचा आवाज नव्हता तो. घरातला आवाज होता. एकच थांबा, तो पलीकडे, मी कबूल केलं, उद्या ठराव, तुम्ही ओरडलात तर तुमचा हक्क आहे, पण गाडी जाईल. असं.

पारवे तेवढे घड्याळाच्या भोकात घुमत होते. मग न्हावी म्हणाला, "म्हणजे आमच्या दारावरून जाणार आणि वळूनही बघणार नाही? अहो, सोडून गेलेली बायकोसुद्धा एकदा वळून बघते."

"तुझीने नाही बघितलं," मागून कुणीतरी.

"तिला घाई होती." हशा झाला, पण लगेच विझला. न्हावी भाऊजींच्या जवळ गेला आणि त्यांच्या गालाकडे बघत म्हणाला, "निवडणुकीच्या सकाळी माझ्याकडे या साहेब. तुमची दाढी मी करतो. फुकट. वस्तरा नवा लावतो."

भाऊजी म्हणाले, "येईन."

शाळेच्या बाई उठल्या. मला वाटलं आता या पडतात, मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. "डबे किती असतील?" त्यांनी विचारलं.

भाऊजी गोंधळले. पण मग सांगितलं. डबे, खिडक्या, दारं कशी सरकतात, आतले दिवे कसे असतात, कुठल्या वळणावर पहिल्यांदा दिसेल. त्यांना सगळं पाठ होतं. कुणी विचारलंच नव्हतं कधी. सांगता सांगता त्यांचं बोट गवतावरून फिरत होतं आणि आम्ही सगळे त्या बोटामागे बघत होतो.

"थांबायची नाही म्हणजे वेगात असेल," बाई म्हणाल्या.

"असेल."

"मग जरा अजून मागे उभं राहावं लागेल." आणि त्या खरंच दोन पावलं मागे सरल्या. तसे सगळेच सरले. मीसुद्धा. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली आणि न्हाव्याला म्हणाल्या, "उद्या सभागृहात कुणी तोंड उघडायचं नाही. आपल्याला नाही तर नाही, पण गाडी पाडायची नाही." मग त्या घरी गेल्या. दिवे लागायच्या आधीच. त्या दिवसाआधी असं कधी झालं नव्हतं.

सूनबाईने फलाटावरूनच घरमालकाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सभागृहात वरच्या गॅलरीत आमचा सगळा वॉर्ड बसला होता. खाली टेबलावर माझीच कापडं, खळ थोडी जास्त झाली होती, कोपरे ताठ उभे होते. वकीलसाहेब मधून मधून वर बघत होते, आता ओरडतील, मग ओरडतील म्हणून. कुणी खोकलंसुद्धा नाही. एवढी माणसं एवढी गप्प मी फक्त धुक्यातल्या फलाटावर बघितली आहेत. ठराव वाचला. पलीकडचे हात वर गेले, अलीकडचे गेले. सगळ्यात शेवटी भाऊजींचा गेला, आणि तो वर गेल्यावर खाली यायचंच विसरला. अध्यक्षांनी सांगितलं, झालं, घ्या खाली, तेव्हा घेतला.

टाळ्या वाजल्या त्या खाली. वर नाही.

बाहेर पायऱ्यांवर मी उभी होते. लोक माझ्या दोन्ही बाजूंनी उतरत होते, भाऊजींना वाट देत होते, पण त्यांच्याशी बोलत नव्हते. सूनबाईचं सामान बांधायला लेक घरीच राहिला होता, आठवड्याअखेर ते जाणार होते. नातीचं झोपायचं कुठे ते अजून ठरायचं होतं. भाऊजी माझ्या एक पायरी खाली येऊन थांबले. तोंड उतरलेलं, डोळे मात्र लांब कुठेतरी, पहिल्या वळणापाशी.

"वहिनी," ते म्हणाले, "कालपासून तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्ही बोलत नाही तेव्हा मला घर कुठे आहे ते कळत नाही. काय ते एकदा बोला."

लोक थांबले. थांबू देत म्हटलं, आणि मी मोठ्यानेच बोलले.

"भाऊजी, तुम्ही आमचं स्टेशन दिलंत. विकलंत म्हणत नाही, कारण खिशात तुमच्या काही आलेलं नाही, तेवढं मी तुम्हाला हातांनी वाढवलंय. पण ज्यांचं होतं त्यांना न विचारता दिलंत. गाडी आणलीत, तेही खरं आहे, ते मी कुणाला नाही म्हणू देणार नाही. आणि शेवटी तोंडावर येऊन सांगितलंत, तेसुद्धा धरून आणल्यावर. आता आजारपणाचं निमित्त काढून घरात बसायचं नाही. निवडणुकीला उभं राहायचं. दारोदार जायचं, प्रत्येक दारात ऐकून घ्यायचं. माझ्याही दारात या, मी खुर्ची देईन, चहा देईन. मत देणार नाही."